अमेरिकी अध्यक्षपदाच्या इच्छुकांचा माग कसा ठेवावा: चर्चेपासून अधिवेशनापर्यंत

अमेरिकेतील पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे आणि इच्छुकांच्या नावांचे संदेश आत्ताच फिरू लागले आहेत. ‘अमक्याने अर्ज भरला’, ‘तमकीचं तिकीट नक्की’, ‘त्याने माघार घेतली’. यातली बरीच वाक्यं चुकतात, कारण आपण आपल्याकडच्या निवडणुकीचे अर्थ तिकडच्या घटनांना लावतो. आपल्याकडे पक्षश्रेष्ठी तिकीट देतात, एबी फॉर्म हातात पडला की उमेदवारी पक्की होते आणि माघारीची मुदत संपली की मतपत्रिकेवरची नावं कायम होतात. अमेरिकेत तिकीट वाटणारे श्रेष्ठीच नसतात. पैशांची नोंद एका ठिकाणी होते, मतपत्रिकेवरचं नाव प्रत्येक राज्यात वेगळं नोंदवावं लागतं आणि पक्षाची उमेदवारी शेवटी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात, राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी मिळते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ संपतो.

खालचा क्रम कोणत्याही पक्षाला आणि कोणत्याही वर्षाला चालेल. क्रम मात्र मोडू नका.

पायरी १: तक्ता आधी, नावं नंतर

एका वेळी एकच पक्ष घ्या. दोन्ही पक्षांची नावं एका तक्त्यात टाकली की नियमांची सरमिसळ होते आणि पुढे प्रतिनिधी मोजताना ती फार महागात पडते.

एक्सेलमध्ये किंवा साध्या वहीत सात रकाने आखा: नाव, जन्मस्थळ आणि जन्मतारीख, सध्याचं पद आणि त्याची मुदत, स्थिती, स्थिती बदलल्याची तारीख, पुरावा, पुढची तपासणी कधी. यातला ‘पुरावा’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. पुरावा म्हणजे मूळ कागद किंवा त्या व्यक्तीने स्वतः केलेलं विधान. ‘सूत्रांच्या हवाल्याने’ आलेली बातमी शेरा म्हणून लिहून ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर स्थिती बदलायची नाही.

‘स्थिती’च्या रकान्यात एवढेच शब्द वापरा: चर्चेत, हालचाल सुरू, चाचपणी, नोंदणीकृत, जाहीर, मतपत्रिकेवर, मोहीम स्थगित, गृहीत उमेदवार, अधिकृत उमेदवार. ‘जवळपास निश्चित’, ‘प्रबळ दावेदार’ असे शब्द तक्त्यात येऊ देऊ नका. ते मत आहे, स्थिती नव्हे.

तारखेबद्दल एक पक्का नियम करा: तारीख अमेरिकेची लिहायची. भारतीय वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. डोनाल्ड ट्रम्प यांनी १५ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री उमेदवारी जाहीर केली, तेव्हा पुण्यात १६ तारखेची सकाळ होती. मराठी बातमीतून तारीख उचलली आणि अमेरिकी कागदाशी ताडली की एका दिवसाचा फरक पडतो, आणि मग कोणती घटना आधी घडली हेच उलटं होऊन बसतं.

पायरी २: पात्रतेची चाळणी लावा

राज्यघटनेच्या अटी तीन आहेत: जन्मतः नागरिकत्व, किमान ३५ वर्षं वय आणि अमेरिकेत १४ वर्षं वास्तव्य. शिवाय बावीसाव्या दुरुस्तीनुसार कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्ष म्हणून निवडून येता येत नाही, त्यामुळे २०२८ च्या तक्त्यात ट्रम्प यांचं नाव बसत नाही.

आपले लोक सर्वाधिक चुकतात ते इथेच. भारतीय वंशाचा नेता संसदेत गेला की ‘पुढचा अध्यक्ष आपला’ असे संदेश सुरू होतात. श्री ठाणेदार बेळगावात वाढले आणि जानेवारी २०२३ पासून मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात आहेत. त्यांचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्यांचा जन्म भारतातला असल्याने त्यांना अध्यक्ष होता येत नाही. चेन्नईत जन्मलेल्या प्रमिला जयपाल यांचंही तेच. रो खन्ना फिलाडेल्फियात, निकी हेली दक्षिण कॅरोलायनात, विवेक रामस्वामी सिनसिनाटीत आणि कमला हॅरिस ओकलंडमध्ये जन्मल्या-जन्मले, म्हणून ही चारही नावं पात्र ठरतात.

*तपासणी:* जन्मस्थळाचा रकाना रिकामा असेल तर ते नाव पुढच्या पायरीवर नेऊ नका.

पायरी ३: ‘चर्चेत’ आणि ‘हालचाल सुरू’ यांतला फरक ओळखा

चर्चा कोणाचीही होते. हालचाल म्हणजे वेळ, पैसा किंवा माणसं खर्च होताना दिसणं. पाहायच्या खुणा अशा:

सुरुवातीला प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्यात होणारं मतदान, घेणाऱ्या राज्यांतले दौरे. इलिनॉयचे गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांनी एप्रिल २०२५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या मेजवानीत भाषण केलं. मेरीलँडचे वेस मूर मे २०२५ मध्ये आणि कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम जुलै २०२५ मध्ये दक्षिण कॅरोलायनात गेले. आपलं राज्य सोडून गव्हर्नर नेमक्या याच राज्यांत का जातो, हा प्रश्न विचारावाच. पण एका दौऱ्यावरून ठरवू नका. तिथे स्थानिक उमेदवारांसाठी पैसा उभा केला का, पुन्हा जाणं झालं का, जिल्हा पातळीच्या कार्यकर्त्यांना भेटले का, हे पाहा.

सोडलेल्या संधी. ही खूण फार कमी लोक टिपतात, आणि माझ्या मते दौऱ्यांपेक्षा ती जास्त बोलकी असते. माजी वाहतूकमंत्री पीट बूटिजेज यांनी मार्च २०२५ मध्ये मिशिगनमधून सिनेट आणि गव्हर्नर या दोन्ही निवडणुका लढवणार नसल्याचं सांगितलं. कमला हॅरिस यांनी जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक नाकारली. याचा अर्थ दोघं अध्यक्षपदासाठी उभे राहणारच असा होत नाही. वाट मोकळी ठेवली, एवढाच होतो. उलट रामस्वामी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केली, त्यामुळे त्यांची ‘पुढची तपासणी’ नोव्हेंबर २०२६ नंतरची लिहावी.

पुस्तक, पॉडकास्ट, दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती या खुणा सर्वांत हलक्या. गुडघ्याला बाशिंग बांधलेले इच्छुक तिथे भरपूर दिसतात, पण नुसतं पुस्तक लिहून कोणी स्थिती बदलत नाही.

*सावधान, नकारांबाबत:* ‘मी उभा राहणार नाही’ हे वाक्य अंतिम धरू नका. बराक ओबामा यांनी जानेवारी २००६ मध्ये दूरचित्रवाणीवर २००८ ची निवडणूक लढवणार नसल्याचं सांगितलं, ऑक्टोबरमध्ये विचार करतो आहे म्हणाले आणि १० फेब्रुवारी २००७ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये उमेदवारी जाहीर केली. नकार आला की तो तारखेसह शेऱ्यात लिहा आणि नाव तक्त्यात राहू द्या. नाव काढायचं ते फक्त अपात्रतेमुळे किंवा त्या व्यक्तीने दुसऱ्या इच्छुकाला उघड पाठिंबा दिल्यावर.

पायरी ४: एफईसीचे कागद वाचायला शिका

फेडरल इलेक्शन कमिशन, म्हणजे एफईसी, ही संस्था आपल्या निवडणूक आयोगासारखी मतदान घेत नाही. तिचं काम निवडणुकीतल्या पैशावर नजर ठेवण्याचं. हे एकदा नीट डोक्यात बसलं की ‘अर्ज भरला’ या बातमीचं खरं वजन कळतं.

नियम असा आहे. एखाद्याने उमेदवारीसाठी ५,००० डॉलरपेक्षा जास्त जमवले किंवा खर्च केले की कायद्याने तो उमेदवार ठरतो. त्यानंतर १५ दिवसांत त्याने ‘फॉर्म २’ भरून आपली मुख्य प्रचार समिती कोणती ते सांगायचं, आणि त्या समितीने पुढच्या १० दिवसांत ‘फॉर्म १’ भरून स्वतःची नोंदणी करायची. त्याआधीचा टप्पा चाचपणीचा. मतदारांचा कौल घेणं, दौरे करणं, लोकांशी बोलणं यासाठी नोंदणीशिवाय पैसा जमवता येतो. देणग्यांच्या मर्यादा तेव्हाही लागू असतात, पण स्वतःला उमेदवार म्हणवून घेतलं किंवा मतपत्रिकेवर नाव आणण्याची तयारी सुरू केली की ही सवलत संपते.

आता पाहण्याचा क्रम. एफईसीच्या संकेतस्थळावर उमेदवारांच्या शोधात पद ‘अध्यक्ष’ आणि वर्ष निवडा. यादी प्रचंड लांब येईल, घाबरू नका. फॉर्म २ कोणीही भरू शकतो आणि दर निवडणुकीत असे शेकडो लोक भरतात. २०१५ मध्ये आयोवातल्या एका शाळकरी मुलाने विनोदी नावाने अर्ज भरला होता आणि ते नाव मतचाचण्यांतही झळकलं. म्हणून ‘एफईसीकडे नोंद आहे’ एवढ्यावर थांबायचं नाही. पुढे हे पाहा:

१. समितीच्या नावात उमेदवाराचं नाव आहे का? अधिकृत प्रचार समितीच्या नावात ते असावंच लागतं. अनधिकृत समितीला साधारणपणे ते वापरता येत नाही. ‘अमुक यांनी उभं राहावं’ अशा आग्रहासाठी निघालेल्या समित्यांना अपवाद आहे, आणि तिथेच लोक फसतात. २०१५ मध्ये जो बायडन यांच्यासाठी अशी समिती धडाक्यात काम करत होती. २१ ऑक्टोबर २०१५ रोजी बायडन यांनी आपण लढणार नसल्याचं सांगितलं.

२. कागद कोणी दाखल केला? त्या नेत्याच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या तळाशी खर्च करणाऱ्या समितीचं नाव असतं. ते एफईसीच्या नोंदीशी जुळतं का, हे ताडा.

३. पैसा हलतो आहे का? नोंद होऊन महिने उलटले आणि अहवालात शून्य असेल, तर नाव ‘नोंदणीकृत’वर नेऊ नका.

एक पूर्ण ओळ कशी दिसावी, याचा नमुना म्हणून दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर टिम स्कॉट घ्या. १२ एप्रिल २०२३: चाचपणी समिती. १९ मे: एफईसीकडे नोंद. २२ मे: जाहीर घोषणा. १२ नोव्हेंबर: मोहीम स्थगित. चार तारखा, चार स्थिती. ‘टिम स्कॉट मैदानात’ अशा बातम्या १२ एप्रिलपासूनच सुरू होत्या. तक्त्यात मात्र तेव्हा ‘चाचपणी’ एवढंच असायला हवं होतं.

*सावधान, तिथे राहणाऱ्यांसाठी:* माग ठेवता ठेवता देणगीच्या पानावर पोहोचायला वेळ लागत नाही. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी एक डॉलरही देऊ नये. विदेशी नागरिकांच्या देणग्यांना बंदी आहे. ग्रीन कार्डधारकांना देणगी देता येते, मतदान करता येत नाही.

पायरी ५: पैशांचे अहवाल: कोणता आकडा पाहायचा

तिमाही अहवालांच्या मुदती १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि वर्षअखेरीचा ३१ जानेवारी. निवडणुकीच्या वर्षात मोठ्या अध्यक्षीय समित्या दर महिन्याच्या २० तारखेला अहवाल देतात. ‘इतके कोटी जमवले’ हा आकडा मोहीमच पत्रकारांना पुरवते. तुम्ही हातातली शिल्लक, त्या काळातला खर्च आणि कर्ज हे तीन आकडे पाहा. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर २०१५ च्या सुरुवातीला आयोवाच्या चाचण्यांत पुढे होते. १३ जुलैला त्यांनी उमेदवारी जाहीर केली आणि २१ सप्टेंबरला मोहीम थांबवली. खर्च जमेच्या पुढे पळत होता.

सुपर पॅकचा, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्रपणे अमर्याद पैसा जमवून खर्च करणाऱ्या गटाचा, पैसा वेगळ्या रकान्यात ठेवा. तो उमेदवाराच्या हातात नसतो. फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅककडे १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम होती, तरी २० फेब्रुवारी २०१६ रोजी दक्षिण कॅरोलायनाचा निकाल लागताच त्यांनी मोहीम थांबवली.

पायरी ६: मतपत्रिकेच्या मुदती

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. प्रत्येक राज्याची मुदत, शुल्क आणि सह्यांची अट वेगळी असते. काही राज्यांत सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज जातो, काही ठिकाणी पक्षच नावं ठरवतो. २०२४ मध्ये फ्लोरिडात डेमोक्रॅटिक पक्षाने एकट्या बायडन यांचं नाव पाठवलं आणि तिथली प्राथमिक निवडणूक झालीच नाही.

मुदतींची वेगळी यादी करा आणि त्या आठवड्यात त्या राज्याची नावं तपासा. घोषणेच्या आधी खरी बातमी इथे फुटू शकते. न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी मार्च २०१९ मध्ये लढणार नसल्याचं सांगितलं होतं. ८ नोव्हेंबर २०१९ रोजी अलाबामाच्या मुदतीच्या दिवशी त्यांचे कागद तिथे दाखल झाले. जाहीर घोषणा २४ नोव्हेंबरला आली. मुदती पाहणाऱ्याला सोळा दिवस आधी कळलं होतं.

*तपासणी:* एखादा जाहीर उमेदवार मोठ्या राज्याच्या मतपत्रिकेवर नसेल, तर ते राज्य त्याच्या प्रतिनिधींच्या गणितातून आत्ताच वजा करा.

पायरी ७: मतचाचण्या आणि वादसभा

थोडक्यात सांगतो, कारण यावर गरजेपेक्षा जास्त वेळ जातो. मतदानाच्या वर्षभर आधीची राष्ट्रीय चाचणी मुख्यतः नावाची ओळख मोजते. २००७ मध्ये बराच काळ रुडी जुलियानी रिपब्लिकनांत आणि हिलरी क्लिंटन डेमोक्रॅटांत पुढे होत्या. उमेदवारी जॉन मॅकेन आणि ओबामा यांना मिळाली. २०१५ च्या उन्हाळ्यात पुढे आलेले ट्रम्प मात्र शेवटपर्यंत टिकले. म्हणून चाचणीवरून स्थिती बदलायची नाही. चाचणी शेऱ्यात जाते, आणि तीही एकटी नाही: राष्ट्रीय आणि पहिल्या राज्यांतली अशी जोडीने.

चाचण्यांचा खरा उपयोग वादसभेच्या पात्रतेसाठी. २३ ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या रिपब्लिकन वादसभेसाठी ठरावीक चाचण्यांत किमान १ टक्का आणि ४०,००० देणगीदार हवे होते. उत्तर डकोटाचे डग बर्गम यांनी १ डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊन तो आकडा गाठला. तेव्हा देणगीदारांची संख्या पाठिंब्याचं माप धरू नका. आणि मंचावर असणं म्हणजे आघाडी असंही नाही. ट्रम्प त्या वर्षी एकाही वादसभेला गेले नाहीत.

पायरी ८: मतं सोडा, प्रतिनिधी मोजा

मतदान सुरू झालं की तक्त्याला नवा रकाना जोडा: प्रतिनिधी. उमेदवारी मिळते ती प्रतिनिधींच्या बहुमताने. २०२४ मध्ये रिपब्लिकनांचे २,४२९ प्रतिनिधी होते आणि १,२१५ हवे होते.

नियम पक्षागणिक बदलतात. डेमोक्रॅटिक पक्षात राज्यात किंवा मतदारसंघात १५ टक्के मतं न मिळवणाऱ्याला तिथले प्रतिनिधी मिळत नाहीत, बाकीच्यांत ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. पक्षाच्या पदसिद्ध प्रतिनिधींना २०१८ च्या बदलानंतर चुरशीच्या पहिल्या फेरीत मत देता येत नाही. रिपब्लिकन पक्षात राज्याराज्यांत फरक असतो. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात निम्म्याहून जास्त मतं मिळवणाऱ्याला तिथले सर्व १६९ प्रतिनिधी मिळणार होते आणि ते ट्रम्प यांना मिळाले. अशा राज्यात दुसऱ्या कोणी निम्म्याहून जास्त मतं मिळवली, तर ४० टक्के मतं मिळवणाऱ्याच्या नावापुढेही तक्त्यात शून्यच लिहायचं.

*सावधान:* मतदानाच्या रात्रीचा विजेता आणि प्रतिनिधींचा धनी एकच असेल असं धरू नका. २०१२ मध्ये आयोवात आधी मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं, दोन आठवड्यांनी रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि अधिवेशनात त्या राज्याचे बहुतेक प्रतिनिधी रॉन पॉल यांच्या बाजूचे होते. नेवाडात ६ फेब्रुवारी २०२४ च्या रिपब्लिकन मतदानाला प्रतिनिधीच जोडलेले नव्हते, ते दोन दिवसांनंतरच्या कॉकसला, म्हणजे पक्षानेच घेतलेल्या बैठकांमधल्या मतदानाला, होते. ६ तारखेला हेली ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाच्या मागे राहिल्या. ती बातमी गाजली, पण प्रतिनिधींच्या रकान्यात त्याने काहीच बदललं नाही. म्हणून प्रत्येक राज्यापुढे आधीच लिहा: या मतदानाला प्रतिनिधी आहेत का, आणि वाटप कसं?

पायरी ९: ‘स्थगित’ म्हणजे काय, आणि त्यानंतर

मोहीम थांबवणारे बहुतेक उमेदवार ती ‘स्थगित’ करतात. समिती चालू राहते, देणी फेडायला पैसा जमवता येतो आणि छापून झालेल्या मतपत्रिकांवर नाव तसंच राहतं. हेली यांनी ६ मार्च २०२४ रोजी मोहीम थांबवली, तरी मे महिन्यात इंडियानात त्यांना २० टक्क्यांहून जास्त मतं पडली. ओळ पुसू नका. स्थिती बदला, तारीख टाका, तोवर मिळालेले प्रतिनिधी तसेच ठेवा आणि पाठिंबा कोणाला व कधी दिला तेही नोंदवा.

बहुमताचा आकडा पार झाला की ‘गृहीत उमेदवार’. २०२४ मध्ये बायडन आणि ट्रम्प दोघांनी तो १२ मार्चला पार केला. ‘अधिकृत’ हा शब्द प्रतिनिधींचं मतदान पूर्ण होईपर्यंत वापरायचा नाही. बायडन यांनी २१ जुलै २०२४ रोजी माघार घेतली, तेव्हा त्यांचे प्रतिनिधी आपोआप हॅरिस यांच्याकडे गेले, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलं गेलं. तसं झालं नाही. प्रतिनिधींनी एकेक करून पाठिंबा कळवला, मग ऑनलाइन मतदान झालं आणि ते ५ ऑगस्टला संपलं. शिकागोचं अधिवेशन १९ ऑगस्टला सुरू झालं. २१ जुलैच्या ओळीत बायडन यांच्यापुढे ‘मोहीम स्थगित’, हॅरिस यांच्यापुढे ‘जाहीर’, आणि ‘अधिकृत’ ऑगस्टमध्ये.

अधिकृत उमेदवार ठरला की या तक्त्याचं काम झालं. तो तारीख घालून जपून ठेवा, आणि पुढच्या खेपेला रकाने तेच ठेवून नियम मात्र नव्याने लिहा. मतदानाचा क्रम, वादसभांच्या अटी आणि प्रतिनिधींची संख्या दोन्ही पक्ष दर चार वर्षांनी बदलतात.